ड्राय रॉकवर रीफ टाकी उभी करताना: दगड निवडण्यापासून पहिल्या माशापर्यंत

रीफ टाकीतले, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातले, जवळपास सगळे नंतर बदलता येते. दिवा बदलता येतो, पंप बदलता येतो, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारे यंत्र) लहान पडला तर मोठा घेता येतो. दगड मात्र एकदा बसला की बसला. त्यावर प्रवाळ चिकटून वाढू लागले, माशांनी कपारी वाटून घेतल्या, की रचना हलवणे म्हणजे सगळी टाकी मोडण्यासारखेच. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला माझे एकच सांगणे असते: उपकरणांच्या चर्चेत जेवढा वेळ घालवता, त्याच्या निम्मा तरी दगडाला द्या.

दगड दोन तऱ्हांचा मिळतो: जिवाणू आणि जीव असलेला ओला लाइव्ह रॉक, आणि वाळलेला ड्राय रॉक. ड्राय रॉक घेतला तर हा वेळ खरोखर हातात असतो. लाइव्ह रॉक पाण्याबाहेर फार वेळ ठेवता येत नाही, त्यावरचे जीव मरतात आणि कुजतात. त्यामुळे तो ओल्या हातांनी, घाईत रचावा लागतो. ड्राय रॉक कोरडा आणि निर्जीव. तो हॉलच्या कोपऱ्यात पंधरा दिवस मांडून ठेवा, रोज येता-जाता बघा, मोडा, पुन्हा लावा. शिवाय लाइव्ह रॉकबरोबर एप्टेशिया (झपाट्याने पसरणारे उपद्रवी समुद्रफूल), नको असलेले खेकडे आणि किडे येतात, तेही इथे टळतात. मोबदल्यात एक गोष्ट द्यावी लागते: टाकी परिपक्व व्हायला जास्त महिने लागतात. हा सौदा मला मान्य आहे. तुम्हाला मान्य असेल तर पुढे वाचा.

उदाहरणासाठी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी धरली आहे. तिच्यात काठोकाठ साधारण १९० लिटर पाणी मावते. तुमची टाकी वेगळी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

१. कोणता दगड घ्यायचा, कोणता मुळीच नाही

रीफसाठी हवा तो सच्छिद्र, कॅल्शियम कार्बोनेटचा दगड, त्यातही प्रवाळाचा सांगाडा ज्या खनिजाचा बनतो ते, म्हणजे अ‍ॅरागोनाइट. विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू दगडाच्या पृष्ठभागावर आणि छिद्रांत राहतात. छिद्रे जितकी जास्त, तितकी त्यांना जागा जास्त. आतल्या भागात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे नायट्रेट मोडणारे जिवाणूही वस्ती करू शकतात.

बाजारात तीन प्रकार दिसतील. पहिला, खाणीतून काढलेला. फ्लोरिडात समुद्र मागे हटल्यावर जमिनीत राहिलेल्या प्राचीन प्रवाळभित्तींचा दगड खणून विकतात. हा सहसा सर्वांत स्वच्छ. दुसरा, माणसाने बनवलेला: सिरॅमिकचा, किंवा सिमेंट आणि अ‍ॅरागोनाइटच्या मिश्रणाचा. काहींवर जांभळा रंगही दिलेला असतो. तिसरा, समुद्रातून काढून वाळवलेला. दिसायला देखणा, वजनाला हलका, पण छिद्रांत वाळलेले स्पंज आणि मेलेले जीव अडकलेले असतात. त्याला सफाई फार लागते.

आता नको त्या दगडांबद्दल. आपल्याकडे पहिला मोह काळ्या दगडाचा होतो. सह्याद्रीचा बेसाल्ट गोड्या पाण्याच्या टाकीत शोभतो, पण तो कार्बोनेट नाही, आणि त्यातल्या पोकळ्या बहुधा आपसात जोडलेल्या नसतात किंवा खनिजांनी भरलेल्या असतात. कोकणातला जांभा सच्छिद्र दिसतो खरा, पण तो लोहाने भरलेला आणि ठिसूळ असतो. तो आत नको. शहाबादी किंवा कडप्पा चुनखडीचे आहेत, त्यांच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला तर बुडबुडे येतील आणि दुकानदार म्हणेल, ‘बघा, रीफचा दगड’. बुडबुडे कार्बोनेट असल्याचे सांगतात, छिद्रांबद्दल काही सांगत नाहीत. शहाबादी घट्ट असतो, त्यात जिवाणूंना जागाच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: समुद्रकिनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका. मालवण असो, लक्षद्वीप असो की अंदमान, मेलेला, पांढरा पडलेला तुकडाही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सी फॅन आहेत. वाघाला जी अनुसूची तीच यांना. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. ‘किनाऱ्यावर पडलेलाच होता’ हे कायद्यापुढे चालत नाही, आणि चालले असते तरी तो तुकडा तिथेच असायला हवा.

दुसरा सापळा नातेवाइकांच्या बॅगेचा. अमेरिका किंवा दुबईत राहणाऱ्यांना ड्राय रॉक खोक्यात घरपोच मिळतो, म्हणून ‘येताना चार किलो घेऊन ये’ असे आपण सहज सांगतो. कठीण प्रवाळ साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. जीवाश्म दगडाला त्यातून सूट असली, तरी बॅगेतला दगड जीवाश्म आहे की कालपरवा वाळवलेला, हे विमानतळावर सिद्ध करणे तुमच्या भावाला जमणार नाही. त्याला त्या फंदात पाडू नका.

भारतात असाल तर माझी शिफारस सिरॅमिकच्या किंवा बनवलेल्या दगडाची. खाणीतला आयात दगड घेतलात तर विक्रेत्याकडून हे मागून घ्या आणि जपून ठेवा:

- जीएसटीचे पक्के बिल, त्यावर दगडाचा प्रकार स्पष्ट लिहिलेला
- आयातीच्या कागदपत्रांची प्रत
- दगड कुठल्या खाणीतला किंवा कोणत्या कंपनीचा, हे सांगणारा मूळ बॉक्स किंवा लेबल

कागद देत नसेल तर दुकान बदला.

किती घ्यायचा? जुना ठोकताळा लिटरमागे १२० ते १८० ग्रॅमचा होता. तो टाकी दगडाने भरून टाकतो. सच्छिद्र ड्राय रॉकला लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम पुरतात, म्हणजे आपल्या टाकीला १२ ते १५ किलो. दोन-तीन किलो जास्त घ्या, कारण फोडताना काही वाया जातो आणि भुकटीही लागते. शक्य असेल तर दुकानात जाऊन स्वतः निवडा: दोन-तीन मोठे सपाट तुकडे, काही लांबट फांदीसारखे, आणि बाकी मुठीएवढे. सगळे बटाट्यासारखे गोल तुकडे आले तर त्यातून कधीच रचना होत नाही, ढीगच होतो.

२. सामानाची यादी

- छिन्नी आणि हातोडी
- ड्रिल मशीन आणि ६ मिमीचा मेसनरी बिट
- ६ मिमीच्या अ‍ॅक्रिलिक किंवा फायबरग्लासच्या कांड्या
- सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद (सुपरग्लू), पातळ आणि जेल दोन्ही
- मत्स्यालयासाठीची एपॉक्सी पुट्टी
- नायट्राइल हातमोजे, गॉगल, धुळीचा मास्क
- पुठ्ठा, मास्किंग टेप, मेजरिंग टेप
- मोठे प्लास्टिकचे पिंप आणि छोटा पंप
- रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायला), टीडीएस मीटर (गोड्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला)
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि फॉस्फेटच्या टेस्ट किट

घरात नळगळतीसाठी ठेवलेली पुट्टी ‘तीच असते’ म्हणून वापरू नका. ती पाण्यात टिकेल, पण तिच्यातले भरण आणि रंग रीफसाठी तपासलेले नसतात. तांब्याची तार, लोखंडी सळई, अगदी स्टेनलेस स्टीलची कांडीसुद्धा नको. खारे पाणी कशालाच सोडत नाही, आणि तांबे तर कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ सगळ्यांना मारते.

३. दगड धुणे आणि फॉस्फेटची तपासणी

खाणीतला किंवा सिरॅमिकचा दगड असेल तर काम सोपे आहे. नळाखाली ब्रशने घासा, फटींतली माती काढा, वाळवा.

समुद्रातून काढलेला किंवा कुणाच्या जुन्या टाकीतला दगड असेल तर आधी ब्लीच. एक भाग साधे, सुवास नसलेले ब्लीच आणि दहा भाग पाणी, त्यात एक-दोन दिवस. मग भरपूर धुवा, नंतर दुकानात ‘हायपो’ म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्यात बुडवा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवा. काही जण त्यानंतर वरचा थर काढायला अ‍ॅसिड वापरतात. करायचेच असेल तर गच्चीवर, मोकळ्या हवेत. बंद बाथरूममध्ये कधीच नाही. दहा भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, आणि नेहमी पाण्यात अ‍ॅसिड, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही. संडास साफ करायचे रंगीत अ‍ॅसिड नको. फेस थांबला की दगड बाहेर, आणि उरलेल्या पाण्यात खायचा सोडा घालून ते निवळल्यावरच ओता. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकाच दिवशी, एकाच पिंपात कधीही नको: त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो जीव घेऊ शकतो.

जुन्या टाकीतल्या दगडाबाबत आणखी दोन गोष्टी. एक, त्या टाकीत माशांच्या आजारावर तांब्याचे औषध कधी घातले होते का, हे विचारा. हो म्हणाले तर दगड सोडून द्या. दोन, दगड उकळू नका, कोरडा असताना तारेच्या ब्रशने घासू नका. झोअँथिड आणि पॅलिथोआ या जीवांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असू शकते. दगड उकळून त्याची वाफ श्वासात गेल्याने घरची घरे रुग्णालयात पोहोचल्याची उदाहरणे आहेत.

आता फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचे खाद्य. कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरून ठेवते आणि पाण्यात हळूहळू सोडते. दगड वरून कितीही पांढराशुभ्र असला तरी हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून धुतलेला दगड पिंपात खाऱ्या पाण्यात ठेवा, पंप लावा, झाकण ठेवून अंधार करा. दोन आठवड्यांनी फॉस्फेट मोजा. ०.१ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आत असेल तर दगड तयार. बराच वर असेल तर पाणी बदला आणि पुन्हा थांबा, किंवा पिंपातच फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त माध्यम लावा. हे दोन आठवडे बहुतेक जण गाळतात आणि पुढे सहा महिने केसाळ शेवाळ उपटत बसतात.

४. टाकीबाहेर टाकी

टाकीच्या तळाचा आयत जमिनीवर मास्किंग टेपने आखा. मागे टाकीच्या उंचीचा पुठ्ठा उभा करा. आत चारही बाजूंनी आणखी एक रेघ: बाजूंना आणि मागे ३ इंच, पुढे ४ इंच. दगडाने ही आतली रेघ ओलांडायची नाही. काच घासायचे चुंबक फिरायला तेवढी जागा लागते, आणि प्रवाळ पुढेच वाढतात. उंचीसाठी पुठ्ठ्यावर १२ इंचांवर रेघ मारा. १८ इंचांच्या टाकीत दगड त्याच्या वर नको, नाहीतर वर प्रवाळ ठेवायला पाणीच उरत नाही.

ओव्हरफ्लो बॉक्स (वरचे पाणी फिल्टरकडे नेणारा कप्पा), वेव्हमेकर (प्रवाह निर्माण करणारा पंप), पाणी परत येण्याचा पाइप कुठे असणार, तेही टेपने दाखवा. रचना झाल्यावर ‘आता पंप कुठे लावू’ हा प्रश्न पडता कामा नये.

५. रचना

सगळ्यात जास्त होणारी गोष्ट म्हणजे मागच्या काचेला टेकवून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दगड रचत जाणे. भिंतच ती. भिंतीच्या मागे पाणी फिरत नाही, तिथे घाण साचते आणि नायट्रेट वाढत राहते. माशांना पुढच्या चार इंचांत येरझाऱ्या घालाव्या लागतात. टाकी आहे त्याहून उथळ दिसते.

त्याऐवजी दोन बेटे करा, एक मोठे आणि एक लहान. मोठे बेट मध्यावर नको. टाकीच्या लांबीचे तीन भाग करा आणि मोठ्या बेटाचा सर्वांत उंच बिंदू पहिल्या किंवा दुसऱ्या भागाच्या रेघेवर आणा. लहान बेट दुसऱ्या बाजूला, थोडे पुढे किंवा थोडे मागे, समोरासमोर नाही. मधली मोकळी वाळू डोळ्याला खोली देते आणि माशांना रस्ता.

मोठ्या बेटात एक तरी आरपार बोगदा ठेवा. माझी कसोटी साधी आहे: बंद मूठ आत जाऊन पलीकडे निघाली पाहिजे. मूठ गेली तर मासा जातो, पाणी जाते आणि पुढे कधी साफ करायला तुमचा हातही जातो. खाली एक-दोन अरुंद कपारी हव्यात. भित्रे मासे रात्री तिथेच झोपतात, आणि लपायला जागा असलेला मासा दिवसा जास्त बाहेर येतो.

आता डोळ्यांसमोर आजचा दगड नको, तीन वर्षांनंतरची टाकी हवी. आज विकत घेतलेला टोडस्टूल लेदर हा मऊ प्रवाळ रुपयाच्या नाण्याएवढा असतो, तो जेवणाच्या ताटाएवढा होऊ शकतो. त्याच्या खाली जे असेल त्यावर सावली पडते. म्हणून उंच टोकाच्या अगदी खाली दुसरा कप्पा काढू नका. कप्पे जिन्यासारखे, एकावर एक नाही तर एकापुढे एक, आणि वरून बघितल्यावर प्रत्येक कप्पा दिसला पाहिजे. वरून जो दिसतो त्यालाच प्रकाश मिळतो. कप्पा हाताच्या तळव्याएवढा सपाट असू द्या. उभ्या उतारावर प्रवाळ चिकटवणे हा रोजचा वैताग आहे.

पसरणाऱ्या जातींसाठी वेगळी सोय करा. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया हे मऊ प्रवाळ नवख्यांना सुचवले जातात कारण ते मरत नाहीत. ते मरत नाहीत तसे थांबतही नाहीत. मुख्य बेटावर लावलेत तर वर्षभरात सगळा दगड त्यांचा. त्यांच्यासाठी वाळूत सुटा, चारही बाजूंनी वाळू असलेला मुठीएवढा दगड ठेवा. मशरूम कोरल आणि झोअँथिड खालच्या, मंद प्रवाहाच्या कप्प्यांवर.

टॉर्च, हॅमर यांसारख्या कठीण प्रवाळांचे लांब दंश करणारे तंतू रात्री बाहेर येतात, म्हणून त्यांच्याभोवती किमान ६ इंच मोकळे लागतात. पण भारतात राहत असाल तर वर सांगितलेला कायदा आठवा. कठीण प्रवाळ घेण्याआधी वन विभागाकडे विचारा, आणि कागदाशिवाय घेऊच नका. सॉफ्ट कोरलची, म्हणजे मऊ प्रवाळांची टाकीही अतिशय सुंदर होते, आणि तिला दिवेही कमी लागतात.

रचना पटली की मोबाइलवर समोरून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. रंग गेले की तोल कुठे जातोय ते लगेच कळते. मग दोन दिवस तशीच राहू द्या. संध्याकाळी ज्या खुर्चीत बसून टाकी बघणार आहात, तिथूनही बघा. आज ती थोडी रिकामी वाटली पाहिजे. आजच भरलेली वाटत असेल तर एक दगड काढा.

६. जोडणी

नुसते एकावर एक ठेवलेले दगड टिकत नाहीत. गोगलगाय ढकलते, गोबी मासा खालची वाळू उपसतो, साफ करताना हात लागतो, आणि दोन किलोचा दगड काचेवर येतो. सगळे जोडायचे.

आधी तळ. सर्वांत खालचा दगड तीन ठिकाणी टेकला पाहिजे. डुगडुगत असेल तर छिन्नीने टोके उडवा, नंतर खडबडीत फरशीवर पाणी घालून घासा. मोठा भार जिथे आडवा बाहेर येतो, तिथे कांडी घाला. ड्रिलचा हॅमर मोड बंद, वेग कमी, जोर कमी. सच्छिद्र दगड ठोक्याने सरळ दोन तुकडे होतो. दोन्ही दगडांत इंच-दीड इंच खोल भोके, मध्ये कांडी, भोकात जेल गोंद.

बाकीचे जोड गोंद आणि दगडाच्या भुकटीने करा. ही पद्धत एकदा हातात बसली की दुसरे काही लागत नाही. उरलेल्या तुकड्यांतला एक जुन्या कापडात गुंडाळून हातोडीने बारीक करा. रव्याएवढी भुकटी आणि हरभऱ्याएवढे खडे वेगळे काढा. दोन दगड हवे तसे धरा, शक्य तर दुसऱ्या माणसाला धरायला सांगा, किंवा पुठ्ठ्याचे टेकू द्या. फटीत आधी खडे दाबून बसवा, त्यावर भुकटी पसरा, बोटाने हलके दाबा. मग पातळ गोंद थेंब थेंब सोडा. भुकटीला लागताक्षणी गोंद आत शोषला जातो, बारीक ‘चर्र’ होते, पांढरा धूर निघतो आणि ती जागा हाताला गरम लागते. काही सेकंदांत दगड. मग दुसरा थर: पुन्हा भुकटी, पुन्हा थेंब. एका जोडाला चार-पाच थर द्या, सगळ्या बाजूंनी. शेवटच्या थरावर ओल्या गोंदावर कोरडी भुकटी भुरभुरवा, म्हणजे चकाकणारा डाग दिसत नाही.

तो धूर डोळ्यांना झोंबतो. खिडकी उघडी, पंखा पाठीमागून, चेहरा जोडाच्या वर नाही. हातात सुती मोजे मुळीच नको: हा गोंद सुती कापडावर सांडला तर इतका तापतो की चामडी भाजते. नायट्राइलचे मोजे घाला आणि अंगावर जुना सिंथेटिक शर्ट.

एक दिवस जाऊ द्या. मग प्रत्येक बेट वरच्या टोकाला धरून हळूच हलवा. करकर आवाज आला किंवा कुठे हालचाल जाणवली तर तो जोड पुन्हा भरा. बेट दोन हातांनी उचलून टाकीत नेता आले पाहिजे, तेवढे पक्के. मोठे बेट दोन भागांत करणार असाल तर ते कुठे बसतात तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा.

७. टाकीत बसवणे

आधी टाकी आणि स्टँड लेव्हलमध्ये आहे ना ते बघा. पाणी, काच, वाळू, दगड मिळून आपल्या टाकीचे वजन अडीचशे किलोच्या आसपास जाते. जुन्या इमारतीत ती भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा.

तळाच्या काचेवर पातळ पीव्हीसी फोमचा तुकडा बेटांच्या आकारात कापून ठेवा, त्यावर बेट, आणि त्यानंतर वाळू. हा क्रम बदलू नका. वाळूवर दगड ठेवलात तर वाळू उपसणारा मासा एक दिवस त्याचा पायाच काढून घेईल. वाळू अ‍ॅरागोनाइटची, २ ते ४ सेंटिमीटर. बांधकामाची किंवा चौपाटीवरची नको.

पाणी आरओडीआयचे (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेले), टीडीएस शून्य. स्वयंपाकघरातला प्युरिफायर चालत नाही: त्यातल्या टीडीएस कंट्रोलरमुळे चवीसाठी क्षार मुद्दाम ठेवले जातात. समुद्राचे पाणी डब्यातून आणायचा विचार सोडा, किनाऱ्याजवळ सांडपाणी असते आणि पावसाळ्यात क्षारता घसरते. मीठ वेगळ्या पिंपात पाण्यात घाला, रात्रभर पंप चालवा, क्षारता ३५ पीपीटी (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) आणि २५ अंशांना घनता १.०२६ च्या आसपास आणा. दगड आणि वाळूची जागा वजा जाता साधारण १६० लिटर पाणी लागेल, म्हणजे सुमारे ६ किलो मीठ.

पाणी वाळूवर प्लेट ठेवून तिच्यावर ओता. दोन दिवस गढूळ दिसेल आणि दगडातून बुडबुडे येत राहतील. छिद्रांतली हवा आहे ती, काही करू नका. वेव्हमेकर लावून प्रत्येक बेटाच्या मागे प्रवाह पोहोचतो का ते आताच पाहा. तापमान २५-२६ अंश. महाराष्ट्रातल्या एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय ते राहत नाही, त्याचा खर्च आधीच धरा.

८. सायकल

ड्राय रॉकवर जिवाणू नसतात. ते आणावे लागतात आणि त्यांना खायला द्यावे लागते. ते वाढून अमोनिया संपवू लागेपर्यंतच्या काळाला सायकल म्हणतात. बाटलीतले नायट्रिफाइंग जिवाणू फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या दुकानातूनच घ्या. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तीन दिवस तापलेली बाटली म्हणजे नुसते पाणी असू शकते.

खाद्य म्हणून शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागरच, पण प्रयोगशाळेच्या दर्जाचा. कल्हईसाठी मिळतो तो नको, त्यात काय मिसळलेय ते कळत नाही. १०० लिटरला साधारण ०.६ ग्रॅम घातले की अमोनिया २ पीपीएम होतो. त्याहून वर नेऊ नका. मेलेली कोळंबी टाकून सायकल करायची जुनी पद्धतही चालते, पण ती कुजते तेव्हा फॉस्फेट सोडते, आणि पिंपात दोन आठवडे खपून आपण तेच तर कमी केले.

दिवे बंद. यूव्ही (पाणी निर्जंतुक करणारा दिवा) बंद. स्किमर पहिले काही दिवस बंद. दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजा आणि वहीत लिहा. अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले की सायकल पूर्ण. यात दोन आठवडेही लागतात आणि सहाही. वाढलेला नायट्रेट पाणी बदलून १० पीपीएमच्या आसपास आणा.

९. तपकिरी महिने

दिवे लावल्यावर पांढरा दगड तपकिरी होईल. हे डायटम (एकपेशीय शेवाळ) आहेत. नंतर हिरवे केसाळ शेवाळ, कधी लालसर चादरीसारखे सायनो (सायनोबॅक्टेरिया). ड्राय रॉकवर जागा रिकामी असते, आणि रिकाम्या जागेवर आधी हेच येतात. तीन-चार महिने टाकी अशी दिसेल. जांभळे कोरलाइन शेवाळ पसरायला त्याहून जास्त.

या काळात सर्वांत घातक उपाय म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेणे. शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेट उठतात: शेंबडासारखे तपकिरी धागे, टोकाला बुडबुडे, सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त. ते घालवणे केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी कठीण, आणि काही जाती गोगलगाईही मारतात. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठेवा, त्याखाली जाऊ देऊ नका. दिवे सहा ते आठ तास. आठवड्यातून एकदा मोठ्या पिचकारीने दगडावर पाणी मारा, उडालेला गाळ फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) पकडा, दहा टक्के पाणी बदला. शेवाळ दिसू लागल्यावर ट्रोकस आणि सेरिथ गोगलगाई सोडा, त्याआधी सोडल्या तर उपाशी मरतील.

ओळखीच्या कुणाची दोन-तीन वर्षांची निरोगी टाकी असेल तर तिच्यातली मूठभर वाळू किंवा दगडाचा छोटा तुकडा मागून आणा. त्याबरोबर जी विविधता येते ती बाटलीत मिळत नाही. मात्र तुकडा भिंगाखाली नीट बघा, एप्टेशियाचे एक पिल्लू पुरते.

पहिले मासे म्हणून ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी घ्या, पैदास केलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र आपल्याकडे विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेली जोडी घ्यायचे कारण उरत नाही. पैदास केलेले मासे कोरडे खाद्यही लवकर घेतात. पहिला आठवडा रोज अमोनिया मोजा. शून्य राहिला तर महिन्याभराने पहिला प्रवाळ, एखादा मशरूम कोरल, खालच्या कप्प्यावर. तो आठ-दहा दिवस उघडा आणि फुललेला राहिला की पुढचा मासा आणायला हरकत नाही.